सरकारी वकिलाची जुनी फाइल कुठे मिळते? विदर्भातल्या गावांतून येणारे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिलाचा मुन्शी म्हणून काढली. आता तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. तलावाचा वाद, संपादनाचा मोबदला, देवस्थानाची जमीन, काहीही असो, लोक येऊन म्हणतात, "सरकारच्या मोठ्या वकिलाकडे आमची फाइल असंल, ते काढून द्या." तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

महाधिवक्ता म्हणजे नेमकं कोण?

राज्य सरकारचे सर्वांत वरचे वकील. संविधानाच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायची पात्रता असलेली व्यक्तीच या पदावर बसू शकते. सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि मोठ्या प्रकरणांत सरकारची बाजू मांडणं हे त्यांचं काम. अनुच्छेद १७७ मुळे विधिमंडळात बोलताही येतं, मत मात्र देता येत नाही. दिल्लीत केंद्र सरकारचे असतात ते महान्यायवादी. लोक या दोघांची गल्लत करतात आणि अर्ज दिल्लीला पाठवून मोकळे होतात.

आपल्याकडच्या माणसाला हे पद माहीत झालं ते २०१६ च्या मार्चमध्ये. श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भाबद्दल आणि मग मराठवाड्याबद्दल वक्तव्य केलं, त्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांचे हे नातू.

मग आमच्या गावच्या केसची फाइल त्यांच्याकडे असेल ना?

बहुतेक वेळा नसते. गावाकडच्या दिवाणी दाव्यात सरकारतर्फे जिल्हा सरकारी वकील किंवा त्यांचे सहायक उभे राहतात. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं की तिथलं सरकारी वकील कार्यालय ते पाहतं. या सगळ्यांच्या डोक्यावर मंत्रालयातला विधी व न्याय विभाग. अपील करायचं की नाही, कोणता वकील द्यायचा, हे कागद तिथून फिरतात. राज्याच्या एखाद्या कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिलं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७-अ प्रमाणे महाधिवक्त्यांना नोटीस काढावी लागते. तुमच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात तसलं काही नसतं.

एका केसचे कागद किती ठिकाणी असतात?

हे नीट समजून घ्या, कारण एका ठिकाणी "नाही" म्हटलं की लोक घरी जातात.

समजा १९७० साली तुमच्या आजोबांनी सरकारवर दावा लावला. दाव्याआधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती कलेक्टरकडे किंवा सचिवाकडे जाते, म्हणजे कलेक्टर कचेरीच्या आवक नोंदवहीत तिची तारीख चढली. कलेक्टरने ती तहसीलला पाठवली आणि माहिती मागवली. तहसीलदाराने पटवाऱ्याकडून अहवाल घेतला, नकाशा जोडला आणि दाव्यातल्या एकेका परिच्छेदावर सरकारचं म्हणणं लिहून पाठवलं. याला परिच्छेदनिहाय अभिप्राय म्हणतात. त्यावरून सरकारी वकिलाने जबाब तयार केला. जबाबाची एक प्रत कोर्टात, एक तुमच्या वकिलाकडे, एक सरकारी वकिलाच्या फाइलमध्ये, एक कचेरीत. निकाल लागल्यावर सरकारी वकिलाने नक्कल काढून, अपील करावं की नाही याचं मत लिहून वर पाठवलं. ते मत विधी व न्याय विभागात गेलं, तिथून उत्तर आलं, त्याची प्रत पुन्हा खाली तहसीलपर्यंत आली.

मोजा किती हात लागले. म्हणून सरकारी वकिलाची फाइल हरवली तरी तिच्यातले निम्मे कागद दुसऱ्याच्या कपाटात जिवंत असतात. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माल तहसीलच्या अभिलेख कक्षात निघतो आणि लोक सगळ्यात शेवटी तिथंच जातात.

आमच्याकडे केस नंबरच नाही. काय करायचं?

आधी घर शोधा. जुनी ट्रंक, देवघराचा कोनाडा, माळ्यावरचा पत्र्याचा डबा. हसू नका. नागभीडकडचे एक काकाजी माझ्याकडे आले होते. "बाप्पा, बोडीच्या केशीत सरकार हारलं होतं, पण कागद कुठंच नाही म्हणून राहिले." बोडी म्हणजे लहान तलाव. खताच्या रिकाम्या चुंगडीत त्यांनी घरातले सगळे कागद भरून आणले होते. वरती सोसायटीच्या पावत्या, मधे कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि तळाशी चौपदरी घडी घातलेला एक जांभळ्या कार्बनचा कागद. घडीवर तो इतका विरला होता की उलगडताना श्वास रोखून धरावा लागला. कलम ८० च्या नोटिशीची प्रत होती ती. टाचणीच्या गंजाचा डाग आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने वकिलाच्या अक्षरात, "रे. मु. नं. ४१/६३".

हा दाव्याचा नंबर. तेवढ्यावर काम झालं. कोर्टाच्या दाव्यांच्या नोंदवहीत नंबर सापडला, निकालाची तारीख सापडली, हुकूमनाम्याची नक्कल मिळाली. कोर्टातली बाकीची कागदपत्रं मुदत संपून गेलेली होती. पण बोडीचा नकाशा महसूलच्या फाइलमध्ये अभिप्रायाला टाचलेला निघाला, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दोन्ही टोकांचं माप लिहिलेला. ज्या कार्यालयाने आधी "असं काही नाही" असं लेखी दिलं होतं, तिथंच.

घरात काहीच नसेल तर सातबाराच्या जुन्या फेरफारावर पाहा. कोर्टाच्या हुकमावरून नोंद झाली असेल तर फेरफारात दाव्याचा क्रमांक आणि तारीख येते. निकाल गाजलेला असेल तर ए.आय.आर.चे, म्हणजे कोर्टांचे निकाल छापणाऱ्या "ऑल इंडिया रिपोर्टर"चे, जुने खंड चाळा, त्यांत "नागपूर" असा वेगळा भाग असायचा. जिल्हा वकील संघाच्या ग्रंथालयात कुणी ओळखीचं असलं तर बरं.

नोंदवहीत "महाराष्ट्र शासन" नावाने शोधलं, काही मिळालं नाही.

मिळणारच नाही, केस कधीची त्यावर सरकारचं नाव बदलतं. आपल्या भागाची राज्यं इतक्यांदा बदलली की एकाच बांधाच्या भांडणात सरकारची पाच नावं निघतात.

१९३७ च्या आधीचा दावा असेल तर प्रतिवादी सापडेल "सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल". आजोबांच्या तोंडी "लंडनवर केस केली होती" असं येतं ते यामुळे. त्यानंतर १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडचं प्रांतिक सरकार. १९५० ते १९५६ "मध्य प्रदेश राज्य", राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यात गेले, म्हणून १९५६ ते १९६० "मुंबई राज्य". आणि १ मे १९६० पासून "महाराष्ट्र राज्य". १९५५ ला लावलेला दावा १९६१ ला निकाली निघाला असेल तर दाव्यावर मध्य प्रदेश आणि निकालावर महाराष्ट्र. दोन वेगळ्या केसेस समजून एक कागद फेकून देऊ नका.

वरच्या कोर्टाचंही तसंच. ९ जानेवारी १९३६ ला नागपूर उच्च न्यायालय सुरू झालं. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. १९५६ नंतर नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

आमचा जिल्हा तेव्हा नव्हताच. मग रेकॉर्ड कुठं?

आईच्या घरी. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून. वेगळे होताना सगळे गठ्ठे वाटले गेले असं समजू नका. सिरोंच्याच्या माणसाने चंद्रपूरच्या अभिलेख कक्षातही अर्ज टाकावा आणि त्यात "तत्कालीन चांदा जिल्हा" असं लिहावं. जुन्या याद्यांत चंद्रपूर नाही, चांदाच आहे.

१९५६ आधीचे कागद भोपाळला किंवा जबलपूरला गेले का?

राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. धोरणाच्या फाइली त्यामुळे दोन्हीकडे विखुरल्या. पण गावच्या जमिनीचे, महसुलाचे, जिल्हा कोर्टाचे कागद जागेवरच राहिले. म्हणून आधी तालुका, मग जिल्हा, मग नागपूरचं पुराभिलेखागार. मध्य प्रदेशची गाडी सगळ्यात शेवटी पकडा.

मालगुजारीच्या वेळच्या केसेसमध्ये काय सापडतं?

पुष्कळ. आणि इथे आपलं गाव विदर्भाच्या कोणत्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडे मालगुजारी, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जायचा. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून. तलाव, जंगल, आबादी, पडीत सरकारात जमा झाली आणि मग दाव्यांचा पाऊस पडला. तलाव खासगी की सरकारी, कुणाला मोबदला, घरठाणाची जागा कुणाची. आज आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो ते माजी मालगुजारी तलाव हेच.

या कायद्यालाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं, आणि तेही आपल्या भागातून. अहेरी जमीनदारीचे विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, निकाल १९५२. कायदा टिकला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी स्वतः बाजू मांडावी अशा केसेस या असायच्या.

तुमच्या कामाचे कागद मात्र वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक. तलावाचं पाणी कुणी घ्यायचं, बैलं कुठं चारायची, जळतण कुठून आणायचं, हे त्यात लिहिलेलं. सरकारी वकिलाच्या जबाबाला यांचेच उतारे जोडलेले असतात. मूळ प्रत फाटली असेल तर जबाबासोबतचा उतारा बघा.

झुडपी जंगलाचं काय?

२२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जंगल, म्हणजे महसूल दप्तरात झुडपांची म्हणून नोंदलेली, जमीन वनच समजायची. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींबाबत वेगळा मार्ग ठेवला. म्हणून आता सगळ्यांना १९९६ च्या आधीचे वाटपाचे आदेश हवे झालेत. ते सरकारी वकिलाकडे शोधू नका. तहसील आणि उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत जा. फक्त त्या जमिनीवर तेव्हा कोर्टकचेरी झाली असेल, तरच आदेशाची प्रत केसच्या फाइलमध्ये मिळायची शक्यता.

सरकारी वकिलाने सरकारला काय सल्ला दिला, ते मला बघायला मिळतं का?

केस चालू असेल तर विसरा. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं गोपनीय. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२. तुमच्या वकिलाचं पत्र सरकारला दाखवाल का? तसंच ते.

जुन्या प्रकरणात दार उघडतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) वाचा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती देताना बहुतेक अपवाद गळून पडतात. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढेच उरतात. माहिती अधिकाऱ्याने "विश्वासाच्या नात्यातली माहिती" म्हणून नकार दिला तर अपिलात हे कलम जसंच्या तसं लिहा. मी तरी त्याखाली लाल रेघ ओढतो.

अर्ज महाधिवक्त्यांच्या नावे टाकू नका. केंद्राच्या महान्यायवादींच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयात यावर वाद झाला. २०१५ ला ते सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकाराखाली येणारे, ठरले, २०१७ ला खंडपीठाने तो निकाल फिरवला. आपण कशाला त्या भोवऱ्यात पडायचं? अर्ज विधी व न्याय विभागाला आणि संबंधित महसूल कार्यालयाला, असे दोन वेगळे टाका.

अर्ज कसा लिहायचा?

छोटा. महाराष्ट्राच्या नियमांत दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही, झेरॉक्स पानामागे दोन रुपये. लोक चार पानांत आजोबांची सगळी कहाणी लिहितात आणि शेवटी काय पाहिजे तेच राहून जातं.

असं लिहा: "मौजा अमुक, तालुका अमुक येथील रे. मु. नं. अमुक, निकाल दिनांक अमुक, या प्रकरणात आपल्या कार्यालयाने सरकारी वकिलांना पाठवलेल्या परिच्छेदनिहाय अभिप्रायाची व त्यासोबतच्या नकाशाची प्रत द्यावी. प्रत उपलब्ध नसल्यास सदर नस्तीचा वर्ग व नष्टीकरण नोंदवहीतील नोंदीची प्रत द्यावी." नस्ती म्हणजे फाइल. शेवटचं वाक्य गाळू नका. का, ते पुढे.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे. त्यासाठी मुंबईला जायचं काम नाही, नागपूर आणि अमरावती दोन्हीकडे आयोगाचं खंडपीठ आहे.

"फाइल नष्ट केली आहे" असं उत्तर आलं. संपलं का?

"नष्ट केली" आणि "सापडत नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि उत्तर देणारा बाबू तो मुद्दाम पुसट ठेवतो.

सरकारी कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, क-१ पाच वर्षं, ड एक वर्ष. प्रकरण संपलं की कारकुनाने वर्ग टाकायचा, गठ्ठा बांधायचा, अभिलेख कक्षात यादीसकट द्यायचा. मुदत संपल्यावर नष्ट करायचा तर त्याचीही नोंद करायची. म्हणजे रीतसर नष्ट केलेल्या फाइलमागे एक ओळ शिल्लक राहते: कोणती फाइल, कोणता वर्ग, कधी, कुणाच्या सहीने. ती ओळ मागा. ओळ दाखवता आली नाही तर फाइल नष्ट झालेली नाही, ती हरवली आहे. हरवलेल्या फाइलसाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. कलम ९ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मी पहिल्या अर्जात कधी लिहीत नाही. पहिल्या अर्जात धमकी दिली की कारकून चिडतो, आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असते. पहिल्या अपिलात लिहितो. बऱ्याच वेळा पंधरा दिवसांत फाइल "दुसऱ्या गठ्ठ्यात चुकून बांधलेली" सापडते.

नागपूरच्या पुराभिलेखागारात गेलं तर मिळेल?

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं हे नागपूरचं कार्यालय. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळचे सचिवालयाचे कागद बघायचे तर इथंच. पण हे वाचनालय नव्हे. ओळखपत्र न्या, काय शोधताय ते अर्जात लिहा, यादीतून विभाग, वर्ष आणि नस्ती क्रमांक काढून द्या, मग गठ्ठा येतो. पेन्सिल न्या, शाईचा पेन आत काढू नका. "माझ्या आजोबांचं नाव शोधा" असं सांगून उपयोग नाही, याद्या माणसांच्या नावाने लावलेल्या नसतात. बस पकडून सकाळी पोचा आणि दोन दिवसांची तयारी ठेवा, कारण पहिला दिवस यादी समजण्यातच जातो.

गावच्या देवस्थानाची जुनी केस आहे. ती कुठं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर सहसा वकिलांनाही पटकन येत नाही. सार्वजनिक देवस्थानाच्या कारभाराबद्दल दिवाणी संहितेच्या कलम ९२ खाली दावा लावायचा तर पूर्वी महाधिवक्त्यांची लेखी संमती लागायची. आता महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना हे कलम लागू नाही. पण तेव्हा खेड्यातला माणूस महाधिवक्त्यांपर्यंत कसा जाणार? म्हणून कलम ९३ ने तो अधिकार कलेक्टरलाही वापरता यायचा. त्यामुळे जुन्या देवस्थानाच्या वादात संमतीचा अर्ज, पंचांचे जबाब, मंदिराच्या उत्पन्नाचा तपशील, हे सगळं कलेक्टर कचेरीत पडलेलं असू शकतं. नंतरच्या काळातलं धर्मादाय आयुक्तांकडे.

मोडीत लिहिलेलं आहे, वाचता येत नाही.

नागपूर-अमरावतीत मोडी वाचणारे आहेत. लिप्यंतर करून घेताना मूळची झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका.

जुनी नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते का?

प्रमाणित नक्कल चालते, साधी झेरॉक्स नाही. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर तो खरा असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ९०, आताच्या साक्ष अधिनियमाचं ९२. "योग्य ताब्यातून" म्हणजे तो जिथं असायला हवा तिथूनच आलेला. म्हणून माहिती अधिकारात मिळालेल्या प्रतीचं पाकीट आणि सोबतचं पत्रसुद्धा जपून ठेवा. आणि सरकारी वकिलाचा अभिप्राय हाती लागला म्हणून उड्या मारू नका. तो सल्ला आहे, हक्क नाही. हक्क हुकूमनाम्यात.

जातपडताळणीसाठी यातलं काही कामी येतं?

फारसं नाही. त्यासाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल, शाळेचं दाखल-खारीज, जुनं अधिकार अभिलेख बघा. काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने कागद "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर आहेत.

तुमच्याकडे आलं तर किती घेता?

अर्जाचे पन्नास, अपिलाचे शंभर, स्टॅम्प तुमचा. जांभळ्या कार्बनचा कागद असेल तर चुंगडीत कोंबून नाही, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. मंगळवारी येऊ नका, बाजार असतो.